आई-बाबांना मोठ्या हॉटेलात नेताना

येत्या मे महिन्यात तुझ्या आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत आणि त्या दिवशी त्यांना मोठ्या हॉटेलात जेवायला न्यायचं तू ठरवलंस. फार चांगलं केलंस. घरापुढं मांडव टाकून दोनशे माणसं जेवू घातली असतीस, तर पाहुण्यांचं बघता बघता तुझी आई दुपारी चारला, सगळं आवरून झाल्यावर, गार झालेला वरण-भात कालवून बसली असती. आपल्या वसमतच्या घराघरांतून अजून असंच आहे. सगळ्यांची ताटं झाली, कुणाला काय कमी पडलं ते बघून झालं, की मग घरची बाई बसते. तिला कुणी समोर बसवून, गरम गरम, विचारून विचारून वाढलंय असे दिवस शोधायला गेलास तर डोहाळेजेवण आणि माहेरपणाचे थोडे दिवस, एवढेच निघतील. म्हणून मी पुढं सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे असं धर. त्या दिवशी तुझ्या आईला जागेवरून उठावं लागू नये, कुठल्या पदार्थाची किंमत मनात घोळवत बसावं लागू नये, आणि तुझ्या बाबांना, म्हणजे आमच्या दाजींना, आपण इथं परके आहोत असं वाटू नये. काटा कुठल्या हातात धरायचा, हा प्रश्न त्याच्या बराच नंतरचा.

मला हे माझ्या चुलत्यांनी, अण्णांनी, शिकवलं. मोंढ्यात आमची आडत. हळदीच्या व्यवहारात सांगली, निजामाबाद, इरोडच्या पेठांतले व्यापारी यायचे, आपल्यालाही तिकडं जावं लागायचं, आणि सौदा झाला की जेवण ठरलेलं. अण्णा धोतर, कोट, टोपी घालून मोठमोठ्या हॉटेलांत गेले, मराठी आणि दखनी हिंदी सोडून तिसरी भाषा बोलले नाहीत, आणि कुठल्या वेटरनं त्यांना कमी लेखलेलं मी पाहिलं नाही. ज्याला पंगतीत नीट बसता येतं त्याला कुठंही बसता येतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हिंडत गेलो तसं ते मला पटत गेलं.

आता जागेचं. तुझी नोकरी पुण्यात म्हणून तू त्यांना पुण्याला बोलवायचं म्हणतोस. तो विचार सोड. बरोबर येणाऱ्या तुझ्या आजोबांचे गुडघे आणि आजीची पाठ बघता, इतका प्रवास करून माणसं जेवायला नाही, आडवं व्हायला पोचतील. नांदेड चाळीसेक किलोमीटर, जाऊन रात्री परत येता येतं. पण तिथं दाजींना बाजारातलं कुणी ना कुणी भेटणारच, आणि मे महिना म्हणजे एकीकडं हळदीची आवक, दुसरीकडं नव्या लागवडीची तयारी. जेवण बाजूला राहील आणि टेबलावर भाव निघतील. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात आता ताजचं हॉटेल आहे. एका टेबलाला एकशे एक माणसं बसतील असं जेवणाचं दालन तिथं अजून जपलेलं आहे. आपलं वसमत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं आजोबांच्या मनात ते बघायचं केव्हापासून आहे. पण तो खर्च आणि तो थाट पहिल्याच खेपेला नको.

मी म्हणेन, छत्रपती संभाजीनगरला जा. औंढा, जिंतूर, मंठा, जालना या रस्त्यानं गेलात तर वाटेत नागनाथाचं दर्शन होतं. रात्री शहरात मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी वेरूळला घृष्णेश्वर. दोन ज्योतिर्लिंगं एका फेरीत घडली की तुझी आई या सगळ्याकडं यात्रा म्हणून बघेल आणि खर्चाला तिचा निम्मा विरोध तिथंच मावळेल. फक्त वेरूळचा दिवस मंगळवार येऊ देऊ नको, लेणी त्या दिवशी बंद असतात. शहरात विवांता, रामा इंटरनॅशनल अशी जुनी, रुळलेली हॉटेलं आहेत. तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला त्याच हॉटेलात खोली घ्यावी लागते असा आपल्याकडं पुष्कळांचा समज आहे. तसं नसतं. बाहेरचा कुणीही जाऊन जेवू शकतो, खोली दुसरीकडं स्वस्तात घेतलीस तरी चालतं.

टेबल मात्र फोन करूनच राख. ॲपवर जागा मिळते, पण आजोबांना किती पायऱ्या चढाव्या लागतील हे ॲप सांगत नाही. दुपारी तीन ते सहाच्या मधे फोन कर. जेवणाच्या ऐन वेळेला उचलणाऱ्याला तुझं ऐकायला सवड नसते. रेस्टॉरंटच्या मॅनेजरशीच बोल आणि सगळं मोकळेपणी सांग. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, सहा माणसं आहोत, त्यांत दोन वयस्कर आहेत. पायऱ्या आहेत का, लिफ्ट आहे का. बसायला पाठीची खुर्ची हवी, खोल सोफा नको, कारण त्यातून आजोबांना उठवायला दोघं लागतील. टेबल गोल मिळालं तर उत्तम. लांबट टेबलावर सहा माणसांचे दोन गट पडतात आणि म्हातारी माणसं एका टोकाला गप्प बसतात. एसीच्या झोताखाली नको, स्वयंपाकघराच्या दाराशी नको, गाण्याच्या स्पीकरजवळ नको. तुझ्या आईची खुर्ची भिंतीकडं पाठ आणि समोर सगळी खोली दिसेल अशी ठेव. ज्याच्याशी बोललास त्याचं नाव लिहून ठेव आणि आदल्या दिवशी त्याच नावानं पुन्हा फोन कर. काही ठिकाणी आगाऊ रक्कम मागतात, ती कशात वळती होणार ते तेव्हाच विचार.

आणि त्याच्याही आधी कालनिर्णय उघड. तुझी आई संकष्टी सोडत नाही, आजी एकादशी सोडत नाही. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत तुमचं जेवण संपायची वेळ झालेली असेल. लग्नाची तारीख उपवासाच्या दिवशी येत असली तर जेवण एक दिवस पुढं घे, त्यात काही बिघडत नाही. भरल्या टेबलापुढं तिनं साबुदाण्याची चौकशी करावी आणि सगळ्यांनी अवघडून खावं, हे नको.

निघायच्या आधी घरी किंवा खोलीवर औक्षण उरकून घ्या. निरांजन हॉटेलच्या टेबलावर लावायचं म्हणशील तर छताला धुराची सूचना देणारी यंत्रणा असते, आणि परवानगी मागत, घाईघाईत ओवाळण्यात मजा नाही. केकवरची एखादी मेणबत्ती ते स्वतःच आणतात, तेवढी पुरे. कपड्यांचं म्हणशील तर आजोबांचं धोतर-टोपी आणि आजीचं नऊवारी नेसणं कुठल्याही चांगल्या हॉटेलात मानानंच बघितलं जातं. हरकत घेतात ती अर्ध्या चड्डीला आणि रबरी चपलेला, तेव्हा लक्ष ठेवायचं असेल तर ते तुम्हा पोरांवर ठेव. टोपी काढायची गरज नाही. आजीसाठी एक शाल बरोबर असू दे, मे महिन्यातही आत हुडहुडी भरते.

एक गोष्ट गाडीतच सांगून ठेव. फाटकावर गाडी थांबवतात, डिकी उघडायला लावतात, खालून आरसा फिरवतात. दारात पिशव्या यंत्रातून जातात आणि माणसांना चौकटीतून जावं लागतं. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंटवर हल्ला झाला, तेव्हापासून मोठ्या हॉटेलांत ही तपासणी सगळ्यांचीच होते, मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांचीही. हे आधी माहीत नसलं तर दाजींना वाटेल की आपल्याकडं बघूनच अडवलं, आणि मग पुढची सगळी संध्याकाळ त्यांच्या मनातून ते जाणार नाही. दार उघडणारा दरवान नमस्कार करेल, त्याला नमस्कार करायचा आणि आत जायचं. हात धुवायला आपल्यासारखं बेसिन जेवणाच्या दालनात नसतं. आत शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह कुठं ते बघून घे, आजी-आजोबांना तिकडून हात-तोंड धुऊन आण, मगच बसव.

बसल्यावर समोर जे मांडलेलं दिसतं त्यानं माणूस बिचकतो. बिचकायचं काही कारण नाही. आपल्या पानातही डावं-उजवं ठरलेलं असतंच ना? मीठ वर, लिंबू-चटणी-कोशिंबीर-लोणचं डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं. ते कुणी आपल्याला शिकवलं नाही, बघून बघून कळलं. तिथंही काटे डावीकडं, सुऱ्या आणि चमचे उजवीकडं. ब्रेडची लहान बशी डावीकडची आपली, पाण्याचा ग्लास उजवीकडचा आपला. गोल टेबलावर शेजाऱ्याचा ग्लास उचलला जातो तो इथंच, म्हणून एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. काटे-चमचे दोन-दोन, तीन-तीन असले तर बाहेरचे आधी उचलायचे आणि आत आत यायचं, कारण पदार्थ ज्या क्रमानं येणार त्या क्रमानं ते लावलेले असतात. एखादा खाली पडला तर वाकून उचलू नका, दुसरा आणून देतात. कापडी नॅपकिन मांडीवर घ्यायचा, गळ्यात खोचायचा नाही. मधेच उठलात तर तो खुर्चीवर ठेवायचा, जेवण संपल्यावर ताटाच्या डाव्या बाजूला. काटा आणि सुरी ताटात एकमेकांना लावून ठेवलीत की वेटर समजतो, झालं. तिरकी, लांब-लांब ठेवलीत की समजतो, अजून चाललंय. हे तुझ्या आईला नक्की सांग, नाहीतर ती बोलण्यात रंगली असताना अर्धं ताट उचललं जायचं आणि ती संकोचानं काही बोलणार नाही.

त्याहून मोठी अडचण वेळेची असते. आपल्याकडं ताट पुढं आलं की पंधरा-वीस मिनिटांत माणूस हात धुवायला उठतो. तिथं दीड-दोन तास सहज जातात. युरोपात पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायची चाल होती. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ आणून वाढायची रशियाकडची रीत फ्रान्समध्ये रुजली आणि तिथून जगभरच्या मोठ्या हॉटेलांत गेली. आपल्या पंगतीत दोन्ही आहे: चटण्या-कोशिंबिरी आधी वाढलेल्या असतात, आणि वरण-भात, पोळी, गोड, शेवटी ताक-भात हे वाढपी फेऱ्याफेऱ्यांनी आणतात. फरक इतकाच की वाढपी पळत येतो आणि हॉटेलातला स्वयंपाकी तुमचं आधीचं संपायची वाट बघतो. आजोबांना हे माहीत नसलं तर सूपनंतर ते म्हणतील, विसरले वाटतं, बोलव त्याला. म्हणून पोचायचं साडेसातला, नऊला नाही. आणि कुणालाही कडकडीत उपाशी नेऊ नको. दाजींना साखरेची गोळी जेवणाआधी असते, ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचार, कारण टेबलावर बसलं म्हणजे जेवण आलं असं तिथं होत नाही.

बुफे नको. हे मी हट्टानं सांगतोय. रांगेत उभं राहून, ताट हातात धरून, काय घेऊ आणि काय नको करत तुझी आई फिरणार, आधी आजीचं भरून आणणार, मग आजोबांचं, मग तुझं. घरी जे करते तेच तिथं करेल. त्या दिवसाचा सगळा अर्थच जाईल. बसूनच जेवा, भले दोन पदार्थ कमी घ्या.

मेनू कार्डाचंही असंच. किमती दिसल्या की ती एका भाजीच्या दरात घरची आठवडाभराची भाजी मोजणार आणि 'मला भूक नाही, तुमच्यातलंच थोडं घेईन' म्हणणार. काही मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांसाठी किमती न छापलेलं कार्ड असतं. फोनवर विचारून ठेव. नसलं तर त्याहून सोपा उपाय म्हणजे मॅनेजरला आधी गाठून जेवण आधीच ठरवायचं, आणि टेबलावर कार्ड एकट्या तुझ्याच हातात राहील असं बघायचं. मागवताना बेतानं मागव. एका भांड्यातली डाळ किंवा भाजी दोघांना पुरते, काही ठिकाणी तिघांनाही. आधी कमी मागवून नंतर आणखी मागवलेलं कधीही चांगलं. चटकमटक स्टार्टर्समध्येच पोटं भरतात, म्हणून सहा जणांत दोनच सांग. प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळखीची आणि एक कधी न खाल्लेली गोष्ट येईल असा बेत कर. नुसतं अनोळखी असलं तर वडीलधारी माणसं चाखून सोडतात, नुसतं ओळखीचं असलं तर एवढ्या लांब यायचं कशाला? कार्डावर नसला तरी शेवटी साधा वरण-भात किंवा दही-भात करून मिळेल का, असं विचारायला लाजू नको. चांगला शेफ ते आनंदानं करतो. आणि डाळ आली की दाजींना तिचा रंग दाखव. हळद पिकवणाऱ्या माणसानं या टेबलावर परकं वाटून घ्यायचं काही कारण नाही. देशातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात त्यांच्यासारख्यांच्या शेतातलं काहीतरी आधीच पोचलेलं असतं.

तुमच्या घरी आजी-आजोबा माळकरी, त्यामुळं पुढचं नीट ऐक. 'व्हेज आहे ना' एवढ्या प्रश्नानं भागत नाही. सूप कुठल्या पाण्यात उकळलंय ते विचार, कारण भाज्यांच्या सुपालाही कोंबडीच्या हाडांचं पाणी वापरलं जाऊ शकतं. थाई आणि चिनी भाज्यांत माशाचा किंवा कालवाचा सॉस असतो. काही परदेशी चीज करायला वासराच्या पोटातलं विरजण लागतं, इटलीचं पार्मेझान त्यातलंच. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, ताज्या पास्त्यात आणि आइस्क्रीममध्ये अंडं. केक बिनअंड्याचा सांग, आणि तोही फोनवरच. कांदा-लसूण चालत नसेल तर तसं स्पष्ट सांग, 'जैन जेवण' म्हटलं की त्यांना लगेच कळतं. पण जैन म्हटल्यावर बटाटाही बाद होतो, तो चालत असला तर तेही सांग. हे सगळं टेबलावर, आजोबांच्या देखत विचारत बसलास तर त्यांचा घासच उतरणार नाही. आधी विचार, लिहून ठेव, आणि त्यांना फक्त एवढं सांग की मी चौकशी केलीय, निवांत जेवा.

हातानं खायचं की चमच्यानं, यावर तुझ्या बहिणीनं काही बोलायला लागू नये म्हणून तिला आधीच सांग. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलात 'बुखारा' नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथं पाहुण्याच्या गळ्यात एप्रन बांधतात आणि त्यानं हातानं खावं अशीच अपेक्षा असते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन तिथं जेवलेले आहेत. रोटी, भाजी, भात हातानं खाल्ला तर कुठल्याही हॉटेलची पायरी खाली येत नाही. पास्ता, सूप, केक यांना चमचा-काटा बरा, कारण ते हातानं नीट खाताच येत नाही. जेवणाच्या शेवटी लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी वाटीत येईल. त्यात बोटांची टोकं बुडवायची आणि नॅपकिनला पुसायची. ते प्यायचं नाही, त्यात चूळ टाकायची नाही. सुरुवातीला गरम टॉवेल आला तर तो हातांसाठी. शेफकडून न मागवलेला एखादा घास आला तर बिचकू नका, तो बिलात धरत नाहीत. ब्रेडची टोपली मात्र काही ठिकाणी बिलात येते, ती विचारून घ्यावी.

वाढणाऱ्या माणसांशी कसं वागायचं, हे मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचं वाटतं. टाळ्या नको, चुटकी नको, 'ए' नको, शीळ तर नकोच. हात जरा वर केला तरी त्यांची नजर असते. छातीवर नावाची पट्टी असते, त्या नावाला 'दादा' किंवा 'ताई' लावून बोलव. मराठीत बोल. संभाजीनगरात डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, ताज समूहाच्या सहकार्यानं चाललेली. आपल्या मराठवाड्यातली पुष्कळ मुलं या धंद्यात शिरलीत. तुमच्या टेबलाशी उभा असलेला मुलगा परभणीचा किंवा हिंगोलीचा निघाला तर नवल नाही. गाव विचारलंत तर तोही खुलतो आणि तुझ्या आईचाही संकोच जातो. मग ती कुठला पदार्थ कसा केला, ते त्यालाच विचारेल. काही बिघडलं, गार आलं, खारट झालं, तर तेव्हाच आणि हळू आवाजात सांग, शक्य तर टेबलापासून चार पावलं बाजूला जाऊन. अर्धं संपवून मग तक्रार करायची नाही.

पाणी विचारतील, साधं की बाटलीचं. तुला जे हवं ते निःसंकोच सांग. बाटलीचं मागितलंस तर छापील किमतीहून जास्त लावतील. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायची जागा आणि वाढणंही देतं, म्हणून तसं लावता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. दारूचं कार्ड पुढं आलं तर हसून बाजूला ठेवायचं, कारण द्यायची गरज नाही.

आता बिल. ज्या हॉटेलात खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटच्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. एरवीच्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. म्हणजे सहा माणसांचं जेवण १२,००० चं झालं तर हातात १४,१६० चं बिल येणार, हे धरूनच निघ. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ दिसली तर ती कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हा आकार परस्पर बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. तो काढायला शांतपणे सांग. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण हे सांगताना मी असंही सांगतो की ज्या मुलानं दोन तास उभं राहून आजोबांना घास घास वाढलं, त्याच्या हातात रोख बक्षिसी ठेवल्याशिवाय उठू नको. शंभराच्या नोटा घरूनच वेगळ्या काढून ने.

बिल टेबलावर येता कामा नये. दाजी ते ओढणार, तू ओढणार, आणि आकडा तुझ्या आईला दिसणार. पोचल्यावर मॅनेजरकडं कार्ड देऊन ठेव, किंवा शेवटचं गोड आलं की हात धुवायच्या निमित्तानं उठून काउंटरवर चुकतं कर. ओळ न् ओळ तिथंच तपास.

फोटो आल्या आल्या काढून घ्या, अन्न यायच्या आधी. मग फोन खिशात. केक कापायच्या आधी आजोबांना दोन शब्द बोलायला सांग, लांब भाषण करू नका. आणि आईला एकदा तरी स्वतःच्या हातानं वाढ. वेटर असला तरी.

ड्रायव्हरच्या जेवणाचं आधी बघ. हॉटेलात शिरायच्या आत त्याला पैसे देऊन, कुठं चांगलं मिळतं ते विचारून, जेवून यायला सांग, किंवा हॉटेलात ड्रायव्हरांसाठी सोय असते तिथं त्याची व्यवस्था कर. आपण दोन तास आत आणि तो गाडीत शेंगदाणे खात बसलाय, असं अण्णांच्या काळात आमच्याकडून एकदाही झालं नाही. उरलेलं अन्न बांधून मागितलं तर काही हॉटेलं देतात, काही ताजेपणाची जोखीम नको म्हणून नकार देतात. त्यावरून वाद घालू नको. मुळात उरणार नाही इतकंच मागव.

घरी आल्यावर तुझी आई आधी हिंगोलीच्या मावशीला फोन करेल आणि मग तुला विचारेल, किती झाले रे एकूण? सांगू नको. आठ दिवसांनी माझ्याकडं येऊन ती मला विचारेल. मीही सांगणार नाही, म्हणून मलाही आकडा कळवू नको.